दुरुस्ती न करता जुनी गाडी विकताना : नाशिककरांसाठी मार्गदर्शन

नाशिकमधील अनेक इमारतींच्या पार्किंगमध्ये एखादी तरी अशी गाडी उभी असते, जिचा क्लच घसरतो, एसी थंड करत नाही किंवा डाव्या बाजूच्या दारांना पोचे आलेले असतात, आणि ‘आधी दुरुस्त करू, मग विकू’ असे म्हणता म्हणता तिचा विमाही संपून जातो. अशी गाडी आहे त्या स्थितीत विकण्यात गैर काहीच नाही. दुरुस्तीसाठी घातलेले पैसे विक्रीच्या किमतीत पूर्ण वसूल होणे अवघड असते, कारण घेणारा दुरुस्तीनंतरही गाडीकडे जुनी गाडी म्हणूनच पाहतो आणि नव्या क्लचची पावती दाखवली तरी त्यावर घासाघीस करतोच. मात्र गाडी आहे तशी विकता येत असली, तरी कागदपत्रे आहेत तशी ठेवून विकता येत नाहीत. पहिल्यांदाच गाडी विकणाऱ्या माणसाचे लक्ष बहुधा याच्या नेमके उलट असते; पोच्यांची त्याला लाज वाटते आणि आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, कर्जाचा जुना बोजा त्याच्या ध्यानातही येत नाही. पुढील पायऱ्या खासगी नोंदणीच्या चारचाकीसाठी आहेत.

पहिली पायरी : दोषांची यादी स्वतः करून घेणे

गाडीत काय बिघडले आहे हे विकणाऱ्याला माहीत नसेल, तर ते घेणारा सांगेल आणि प्रत्येक दोषाची किंमतही तोच ठरवेल. म्हणून गाडी कोणालाही दाखवण्याआधी दोन ठिकाणांहून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा : एक कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा आणि दुसरा अंबड, सातपूर किंवा आपल्या भागातील खात्रीच्या गॅरेजचा. या दोन आकड्यांत मोठी तफावत असते, कारण सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा पूर्ण सुटा भाग बदलण्याचा हिशेब देते आणि बाहेरचा मेकॅनिक शक्य असेल तेथे जुनाच भाग दुरुस्त करतो. घेणारा मोठा आकडा पुढे करणार हे गृहीत धरून लहान आकड्याचा कागद आपल्या हाती असावा.

इंजिनाचा दिवा पेटत असेल तर स्कॅनर लावून त्यातील कोड लिहून घ्यावेत. काही जण हे कोड पुसून दिवा घालवून देण्याची तयारी दाखवतात. ते मुळीच करू नये. मूळ दोष तसाच राहिला तर काही अंतर गाडी चालल्यावर दिवा पुन्हा पेटतो, आणि तोपर्यंत ती घेणाऱ्याच्या दारात पोहोचलेली असेल, तर आपण दोष जाणून लपवला असा त्याचा अर्थ निघतो. किलोमीटरच्या आकड्याशी केलेल्या छेडछाडीबद्दलही हेच म्हणता येईल.

दुसरी पायरी : गाडीला किती हात लावावा

आतून-बाहेरून स्वच्छ धुणे, चाकांत हवा भरणे, बॅटरी चार्ज करणे, दिव्यांचे गेलेले बल्ब बदलणे आणि डिकीतील स्टेपनी-जॅक जागेवर आहेत ना हे पाहणे, एवढे पुरे. इंजिन मात्र डिझेलने किंवा रसायनाने धुऊन चकचकीत करू नये, कारण जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडल्यावर धूळ शोधतो आणि ती नसेल तर तेलाची गळती लपवली असावी अशी शंका घेतो. थोडक्या पैशांत केलेला रंगाचा हातही असाच उलटतो. मूळ रंगावरचा ओरखडा लोक समजून घेतात, पण नव्याने मारलेल्या पट्ट्याखाली काय दडले आहे याचा विचार करू लागतात.

याला एक अपवाद ब्रेकचा आहे. ब्रेक धोकादायक असतील तर एक तर तेवढेच काम करून घ्यावे, नाही तर ‘गाडी चालवून पाहता येणार नाही, टो करून न्यावी लागेल’ असे आधीच सांगून त्याप्रमाणे किंमत ठरवावी.

तिसरी पायरी : कागद सरळ करणे

खरा वेळ येथे द्यावा लागतो. प्रथम परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घालून नोंदीत काय दिसते ते पाहावे : मालकाचे नाव, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बोजा. नोंदणीला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला असेल तर तो आधी बदलून घ्यावा, कारण हस्तांतरणाचा ओटीपी त्यावरच येतो.

कर्ज फेडून कित्येक वर्षे झाली तरी आरसीवर बँकेचे नाव तसेच राहिलेले असते. ते आपोआप जात नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्यानिशी नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. बँकेच्या पत्राला मुदत असल्यामुळे जुन्या फाईलमधील पत्र बहुधा चालत नाही आणि नव्याने मागावे लागते, म्हणून हे काम जाहिरात देण्याआधीच सुरू करावे. कर्ज अजून चालू असेल तर बँकेकडून आजच्या तारखेला फेडायची रक्कम लेखी घ्यावी आणि इसारातून कर्ज फिटेल असा व्यवहार फक्त खात्रीच्या माणसाशीच ठरवावा.

थकीत ई-चलने महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर दिसतात; ती भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली असणेही आवश्यक आहे, कारण ती नसलेल्या गाड्यांची हस्तांतरणासारखी कामे परिवहन कार्यालयात अडवली जातात. चारचाकीसाठी या पाटीचा राज्याने ठरवलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा आहे. सीएनजी किट बसवलेले असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात त्याची नोंद आहे का हे पाहावे. नोंद नसलेले किट म्हणजे किरकोळ त्रुटी नव्हे. विमा कंपनी आणि परिवहन कार्यालय दोघेही त्यावर बोट ठेवतात.

विमा आणि पीयूसी चालू ठेवावेत. गाडी विकायचीच आहे, मग विमा कशाला भरायचा, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. परंतु हस्तांतरणासाठी चालू विमा लागतो आणि त्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवून दाखवणेही बेकायदा ठरते. पैसे वाचवायचेच असतील तर निदान तृतीय-पक्ष विमा तरी घ्यावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. गाडी त्या उंबरठ्यावर असेल तर फेरनोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर यांचा बोजा घेणाऱ्यावर पडणार असल्याने तो तेवढी रक्कम किमतीतून वजा करणारच. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. अशी गाडी मुदत संपण्याच्या काही महिने आधी विकलेली बरी.

चौथी पायरी : किंमत ठरवणे

आपल्या गाडीचेच मॉडेल, तेच वर्ष आणि तेच इंधन असलेल्या, सुस्थितीतील गाड्यांना नाशिकमध्ये काय मागितले जात आहे ते ऑनलाइन जाहिरातींत पाहावे, आणि मागितलेला भाव व मिळणारा भाव यांत फरक असतो हे लक्षात ठेवावे. समजा, सुस्थितीतील गाडी साधारण २,४०,००० रुपयांना जाईल असे दिसते आणि बाहेरच्या गॅरेजचा अंदाज ४०,००० रुपयांचा आहे. तर आपली किंमत सरळ दोन लाख होत नाही. घेणाऱ्याला गॅरेजच्या फेऱ्या माराव्या लागणार आहेत आणि गाडी उघडल्यावर आणखी काही निघण्याची जोखीमही तोच उचलणार आहे. त्याचे म्हणून आणखी दहा-वीस हजार सोडावे लागतात. म्हणजे १,८०,००० च्या आसपास सौदा झाला तर तो वाईट नाही. हा हिशेब आधी कागदावर मांडलेला असला, की ‘लाखभर घ्या आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्याला शांतपणे नकार देता येतो.

पाचवी पायरी : योग्य गिऱ्हाईक गाठणे

बिघडलेल्या गाडीचे उत्तम गिऱ्हाईक म्हणजे स्वतः मेकॅनिक असलेला किंवा घरात मेकॅनिक असलेला माणूस. त्याला तेच काम मजुरीशिवाय पडते, त्यामुळे तो इतरांपेक्षा जास्त देऊ शकतो. म्हणून ज्या गॅरेजमधून अंदाज घेतला तेथेच प्रथम शब्द टाकावा. निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतून शेतावर जाण्या-येण्यासाठी गाडी शोधणारेही असतात. पोचा आणि रंग यांचे त्यांना फारसे सोयरसुतक नसते, पण इंजिन आणि सस्पेन्शन ते बारकाईने पाहतात. नाशिकचे घेणारे हमखास विचारतात, की गाडी पहिल्यापासून नाशिकचीच आहे की मुंबईहून आणलेली. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्र्याला लवकर गंज चढतो, हे त्यामागचे कारण आहे. पहिल्यापासून एमएच-१५ असलेली गाडी असेल तर जाहिरातीत तसे जरूर लिहावे.

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या कंपन्या आणि नव्या गाडीच्या शोरूममधील एक्स्चेंज हे दोन मार्ग वेळ वाचवतात. तेथे आधी सांगितलेला आकडा तपासणीनंतर खाली येतो, हे धरून चालावे. एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीचा भाव चढवून नव्या गाडीवरील सवलत कमी केलेली नाही ना, हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागितल्यावरच कळते.

राहिला एजंट किंवा जुन्या गाड्यांचा व्यापारी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार अशा व्यापाऱ्याला परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि आपण गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी द्वारे पोर्टलवर नोंदवली गेली, की पुढील विक्री होईपर्यंत तोच मालक मानला जातो. अधिकारपत्र दाखवा आणि ही सूचना नोंदवू या, एवढीच मागणी केली तरी समोरचा माणूस कसा आहे हे पुरते समजते.

सहावी पायरी : दोष सांगणे आणि लिहून देणे

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याचे एक उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे त्यात म्हटले आहे. अनेक विक्रेते येथेच थांबतात आणि ‘विचारले नाही, म्हणून सांगितले नाही’ यावर विसंबतात. परंतु त्याच कलमाखाली पुढे आणखी एक उदाहरण आहे : घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, आणि विकणारा गप्प राहतो. तेव्हा ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. शिवाय दोष कृतीने झाकणे हे तर सरळच कपटात मोडते, आणि कपटाने मिळवलेली संमती असलेला करार समोरचा माणूस रद्द ठरवून घेऊ शकतो. जुन्या गाडीचा घेणारा ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे दुसऱ्या उदाहरणातल्या विक्रेत्याच्या जागी आपण केव्हा जाऊन बसलो हे कळतही नाही.

यावर साधा उपाय म्हणजे पहिल्या पायरीतील यादी विक्रीच्या करारात जशीच्या तशी उतरवणे. उदाहरणार्थ : ‘वाहनाचा क्लच घसरतो, वातानुकूलन यंत्रणा बंद आहे, डाव्या बाजूच्या दोन्ही दारांना पोचे आहेत, पुढील शॉक-ॲब्सॉर्बरमधून तेल गळते. खरेदीदाराने वाहन स्वतः व आपल्या मेकॅनिककडून तपासून पाहिले असून ते आहे त्या स्थितीत, कोणत्याही हमीशिवाय, स्वीकारले आहे.’ नुसते ‘जशी आहे तशी’ एवढेच लिहिण्यापेक्षा ही यादी कितीतरी भक्कम असते. गाडीचा मोठा अपघात झाला असेल, विम्याचा मोठा दावा घेतला असेल किंवा गाडी पाण्यात बुडाली असेल, तर तेही यात यावे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरांमुळे काठावरच्या गाड्यांबद्दल नाशिकमध्ये अजूनही विचारणा होते, आणि वायरिंगमध्ये शिरलेल्या पाण्याचे परिणाम पुष्कळ उशिरा दिसतात.

हा करार मुद्रांकावर लिहून नोटरी करून घ्यावा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा कामांसाठी शंभर-दोनशेऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पूर्वीच्या मसुद्यांच्या प्रती अजून फिरत असतात, त्यावर विसंबू नये.

सातवी पायरी : गाडी दाखवणे

गाडी दिवसा, सपाट जागी आणि इंजिन थंड असताना दाखवावी. आधीच चालू करून गरम केलेले इंजिन घेणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न करते. चालवून पाहण्याआधी त्याचा वाहन परवाना पाहावा आणि फोटो काढून ठेवावा, स्वतः शेजारच्या सीटवर बसावे आणि किल्ली एकट्याच्या हाती कधीही देऊ नये. इंजिन तापण्याचा दोष असेल तर द्वारका चौकातील गर्दीत गाडी नेऊन परीक्षा पाहण्यात अर्थ नाही. दोष सांगून मोकळ्या रस्त्यावर छोटी फेरी मारावी.

आठवी पायरी : पैसे आणि ताबा

इसार घेतला तर किती घेतला, उरलेली रक्कम कधी मिळणार आणि सौदा मोडल्यास इसाराचे काय होणार, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पूर्ण रक्कम बँकेतून घेणे सर्वांत चांगले. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि त्याचा दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे येथे गाडी विकणाऱ्यावर, तितक्याच रकमेचा होऊ शकतो. पैसे आल्याचा मेसेज किंवा समोरच्याच्या मोबाईलवरील स्क्रीनशॉट पाहून किल्ली देऊ नये; आपल्या खात्यात जमा दिसली तरच रक्कम आली.

ताबा देताना ताबा पावती करावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी. संध्याकाळी साडेपाचला गाडी दिली आणि सातला तिने सिग्नल तोडला, तर ही वेळच आपला पुरावा ठरते. किलोमीटरचा आकडा, दिलेल्या किल्ल्यांची संख्या आणि घेणाऱ्याचा पत्ता त्यात असावा. आधार आणि पॅनच्या प्रतींवर ‘फक्त अमुक क्रमांकाच्या वाहनाच्या विक्रीसाठी’ असे लिहून आडवी सही करावी. आधारची पहिले अंक झाकलेली प्रत दिली तर अधिक चांगले.

नववी पायरी : नाव बदलल्याशिवाय विक्री पूर्ण नाही

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ मध्येच विकली गेली होती आणि पुढे ती हातोहात विकली जात राहिली. २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात झाला तेव्हा नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव होते. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. ‘आरसी तशीच राहू द्या, गिऱ्हाईक मिळाले की थेट त्याच्या नावावर करू’ असे म्हणून कोऱ्या नमुन्यांवर सह्या मागणाऱ्या एजंटाला नकार देण्यास एवढे कारण पुरेसे आहे. गाडी बिघडलेली असेल तर हा धोका वाढतो, कारण ती दुरुस्त होऊन पुन्हा विकली जाईपर्यंत महिनोन् महिने आपल्याच नावावर राहते.

कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. नमुना २९ म्हणजे विकणाऱ्याची सूचना आणि नमुना ३० म्हणजे हस्तांतरणाचा अर्ज. दोन्हींवर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरल्यानंतरच सही करावी. नमुन्यांसाठी चॅसी क्रमांकाची पेन्सिलने काढलेली छाप मागितली जाते, ती गाडी ताब्यात असतानाच काढून ठेवावी. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर आधार प्रमाणीकरणाने करता येतो. तो जमला नाही तर पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे लागते. हस्तांतरणाचा ओटीपी पूर्ण पैसे मिळाल्यावरच द्यावा आणि तो फोनवरून एजंटाला न सांगता स्वतः टाकावा.

घेणारा सुरत, वलसाड किंवा सिल्वासाकडचा असेल तर नमुना २८ वर परराज्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि कळवण्याची मुदत ४५ दिवसांची असते. ते प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नाव बदलले असे नव्हे. तिकडे नोंदणी झाली का याचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

दहावी पायरी : नंतरची कामे

पोर्टलवर नवीन मालकाचे नाव दिसू लागले, की त्या पानाची प्रत काढून करार आणि ताबा पावतीबरोबर ठेवावी. फास्टॅग ताबडतोब बंद करावा, अन्यथा घोटी किंवा शिंदे टोल नाक्यावर पैसे आपल्या खात्यातून कापले जातात. गाडी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. ‘नो क्लेम बोनस’ मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो. २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठलेली ही सवलत विमा कंपनीकडून पत्र घेऊन राखून ठेवता येते आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यावर वापरता येते. गाडी कितीही मोडकळीस आलेली असली तरी हा बोनस तसाच राहतो, आणि पुष्कळ लोक तो मागायचे विसरतात.

गिऱ्हाईकच न मिळाल्यास

इंजिन पूर्ण गेले आहे, नोंदणी संपत आली आहे आणि दोन-तीन महिन्यांत कोणीही योग्य भाव देत नाही, अशी वेळ आली तर गाडी मोडीत काढावी. पण ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला विकू नये, कारण त्याने पत्रा कापला तरी आरटीओच्या नोंदीत गाडी जिवंतच राहते आणि तिचे चॅसी व नोंदणी क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढवले जाण्याचा धोका उरतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रात गाडी दिली, तर तेथून जमा प्रमाणपत्र आणि नंतर मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि नोंदणी रद्द होते. जमा प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्राने तिची कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली आहे आणि प्रत्यक्ष दर राज्य ठरवते. गाडी देण्याआधी वजनानुसार मिळणारा भाव आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च कोणाकडे, हे दोन्ही लेखी घ्यावे, आणि बॅटरी व चांगले टायर काढून वेगळे विकायचे असतील तर तेही आधीच स्पष्ट सांगावे.